दुसऱ्यांच्या युद्धांचीं कारणें

आपल्याकडील कोणत्याही सुशिक्षित घरांतील पुस्तकांचें कपाट उघडून पाहावें. वरच्या फळीवर ज्ञानेश्वरी आणि दासबोध, त्याखालीं पानिपत, आणि पानिपताच्या शेजारींच हिटलर. वि. ग. कानिटकरांचें ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ एकदांही वाचलें गेलें नाहीं असें पांढरपेशें घर पुण्याच्या पंचक्रोशींत क्वचितच आढळेल. या दोन शेजाऱ्यांना आपण विचारतों ते प्रश्न मात्र अगदीं भिन्न असतात. पानिपताविषयीं आपण पिढ्यान्‌पिढ्या एकच विचारीत आलों : आपण हरलों कां? युरोपांतील महायुद्धांविषयीं विचारतों : हें सुरू कोणीं केलें? पहिल्या प्रश्नाच्या मुळाशीं दुखणें आहे. दुसऱ्यांत न्यायाधीशाच्या खुर्चीचें सुख आहे. आरोपीच्या पिंजऱ्यांत आपल्या नात्यागोत्याचें कोणी नसलें म्हणजे न्यायदानास केवढा हुरूप येतो!

हा हुरूप मी गेलीं बारा वर्षें दर रविवारीं सकाळीं आमच्याच दिवाणखान्यांत पाहत आहें. आम्ही चिंचवडास राहतों. माझे मामंजी आणि त्यांचे सहा-सात स्नेही, सगळे पिंपरी, भोसरी, चाकण या भागांतील कारखान्यांतून निवृत्त झालेले. त्यांच्या बैठकींत चालू राजकारण वर्ज्य, प्रकृतीची विचारपूस पांच मिनिटें, आणि मग विषय एकच : युरोपांतील युद्धें कशीं सुरू झालीं. सुरू कशीं झालीं, इतकेंच. पहिली तोफ उडाली कीं मंडळींचा रस संपला. व्हर्दूनला काय झालें, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर कोण उतरलें, याची त्यांना फिकीर नाहीं. “चाकणचा किल्ला तुमच्या उशाशी, आणि तुम्ही बोस्नियात काय शोधता?” असें आमचे भावजी एकदां म्हणाले. हा आक्षेप मला पटत नाहीं. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें शाइस्तेखानाच्या फौजेपुढें संग्रामदुर्ग पन्नासांवर दिवस कसा झुंजविला, हें याच मंडळींनीं आमच्या मुलांना किल्ल्यावर नेऊन सांगितलें आहे. घरचें प्रेम असलें म्हणून परक्याचें कुतूहल असूं नये असें थोडेंच आहे!

कारखान्यांत आयुष्य गेलेल्या माणसांची इतिहासाकडे पाहण्याची रीत कांहीं निराळीच असते. यंत्र बंद पडलें कीं ‘कां?’ हा प्रश्न एकावर एक पांच वेळां विचारावा, म्हणजे मूळ दोष हातीं लागतो, अशी जपानांतील टोयोटा कारखान्यानें रूढ केलेली एक पद्धति आहे. यंत्र कां थांबलें? फ्यूज उडाला. फ्यूज कां उडाला? बेअरिंग कोरडें पडलें. तें कां? वंगण पोंचलें नाहीं. याप्रमाणें. मामंजींनीं ही पद्धति १९१४ ला लावली. जर्मनीनें १ ऑगस्टला रशियाविरुद्ध युद्ध कां पुकारलें? रशियानें सैन्याची जमवाजमव आरंभिली म्हणून. ती कां? ऑस्ट्रियानें २८ जुलैला सर्बियाशीं युद्ध पुकारलें म्हणून. तें कां? बरोबर एक महिना आधीं सेराजेव्हो येथें ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला म्हणून. येथपर्यंत सर्वांचें एकमत असतें. एका खुनावरून सगळा युरोप कां पेटला, येथें मात्र वाटा फुटतात. एकजण १९०८ सालीं ऑस्ट्रियानें बोस्निया गिळला तेथें थांबतात, दुसरे १८७१ सालीं जर्मनीनें आल्सेस-लोरेन घेतलें तेथवर जातात, आणि तिसरे एक गृहस्थ १८१५ च्या व्हिएन्ना-परिषदेच्या अलीकडे थांबावयास तयारच नसतात. यंत्रांत पांचव्या प्रश्नाला वंगणाची नळी सांपडते. इतिहासांत आणखी एक दार उघडतें.

सर्वांत रंगतो तो आगगाड्यांचा वाद. १ ऑगस्टच्या सायंकाळीं, इंग्लंड कदाचित् तटस्थ राहील अशी बातमी बर्लिनला आली, तेव्हां कैसरनें सेनापति मोल्टके यास सांगितलें कीं फ्रान्सकडे निघालेलें सैन्य सगळें रशियाकडे वळवा. मोल्टकेनें उत्तर दिलें, हें अशक्य आहे. लाखों माणसांची ही मांडणी वर्षभराच्या श्रमानें सिद्ध होते, ती एका रात्रींत बदलतां येत नाहीं. ए. जे. पी. टेलर या इंग्रज इतिहासकारानें १९६९ सालीं या वेळापत्रकांवरच एक पुस्तक लिहिलें. आमच्या बैठकींत उत्पादनाचें वेळापत्रक आंखण्यांत तीस वर्षें घालविलेले एक गृहस्थ आहेत; ते हटकून मोल्टकेची बाजू घेतात. “चाकणच्या रस्त्यावर एक ट्रक अडकला, पाच रुपयांचा भाग वेळेवर आला नाही, तर सबंध लाइन उभी राहते हो! तिथं फौज वळवायची म्हणजे काय खेळ आहे?” यावर मामंजींचें ठरलेलें उत्तर असें, कीं जर्मन सैन्याच्या रेल्वेविभागाचे माजी प्रमुख जनरल फॉन श्टाब्स यांनींच पुढें पुस्तक लिहून सैन्य वळवितां आलें असतें हें मांडून दाखविलें. मला मामंजींचें पटतें. ज्याला हात बांधून घ्यावयाचे असतात त्याला वेळापत्रक दोरी पुरवितें, एवढेंच.

निमित्त आणि कारण यांतील भेद समजण्यास चिंचवडकरानें सेराजेव्होपर्यंत जाण्याची गरज नाहीं. चापेकरांचा वाडा येथेंच आहे. २२ जून १८९७ रोजीं, व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाच्या रात्रीं, गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडच्या गाडीवर गोळी झाडली गेली. सतरा वर्षांनीं एकोणीस वर्षांच्या गाव्रिलो प्रिन्सिपनें युवराजाच्या मोटारीवर झाडली. दोन्हीकडे परकी सत्ता, दोन्हीकडे संतापलेले तरुण. पहिल्या गोळीनंतर खटले झाले, तिघे सख्खे भाऊ फांसावर चढले, आणि राज्य होतें तसेंच चालूं राहिलें. दुसरीनंतर चार वर्षें जग जळलें. फरक गोळींत नव्हता. व्हिएन्नाच्या दरबारांत सर्बियाला ठेंचण्याची संधि पाहणारीं माणसें आधींपासून बसलीं होतीं, आणि ५ जुलैला कैसरकडून त्यांना पाठिंब्याचा जणूं कोरा चेकच मिळाला होता.

बायकांना हा भेद शिकवावा लागत नाहीं. एकत्र कुटुंब लोणच्याच्या बरणीवरून वेगळें झालें असें बाहेर सांगतात. बरणी फुटण्याआधीं दहा वर्षें घर आंतून कसें तडकत होतें तें स्वयंपाकघराला ठाऊक असतें. हें मी एकदां चहा देतां देतां बोलून गेलें. मामंजी म्हणाले, “सूनबाई, ग्रीकांच्या थ्युसिडिडीझनं चोवीसशे वर्षांपूर्वी हेच लिहून ठेवलंय. बोलण्यातल्या तक्रारी निराळ्या, खरं कारण निराळं.” तेव्हांपासून मला बैठकींत खुर्ची मिळाली.

त्या खुर्चीवर बसून मीं एवढें पाहिलें कीं या खटल्यांत निकाल दर पिढीला बदलतो. १९१९ च्या व्हर्सायच्या तहाचें २३१ वें कलम जर्मनी आणि तिचे दोस्त यांच्यावर जबाबदारी ठेवतें. पुढें वातावरण निवळलें, तों १९६१ सालीं फ्रिट्झ फिशर या जर्मन इतिहासकारानेंच आपल्या देशाच्या महत्त्वाकांक्षेवर बोट ठेवलें आणि तेथें मोठा गहजब झाला. २०१२ सालीं ख्रिस्तोफर क्लार्कनें, सगळेच झोपेंत चालावें तसे चालत गेले, असें मांडलें. आमच्याकडे फिशरपंथी आणि क्लार्कपंथी असे दोन तट आहेत. पोहे दोघांनाही लागतात.

गेल्या आषाढांत या सुखी न्यायालयांत निराळाच प्रश्न आला. बैठकीस अधूनमधून चाकणजवळच्या गांवचे एक वृद्ध शेतकरी येतात. त्यांची जमीन औद्योगिक वसाहतींत गेली. मुलगा मामंजींच्या हाताखालीं काम शिकला, तेव्हांपासूनचा हा घरोबा. ते ऐकतात, बोलत नाहींत. त्या दिवशीं वाद ऐन रंगांत असतां ते हळूच म्हणाले, “साहेब, हे समदं खरं. पण आमचा आजा त्यात कशापायी गेला, तेवढं सांगा की.”

त्यांचे आजोबा मराठा पलटणींतून मेसोपोटेमियांत गेले होते. पुण्याचेंच नांव मिरविणारी सहावी ‘पूना’ डिव्हिजन कूत-अल्-अमारा येथें तुर्कांच्या वेढ्यांत सांपडली, आणि जवळजवळ पांच महिन्यांनीं, २९ एप्रिल १९१६ रोजीं, सुमारें तेरा हजार माणसांनिशीं तिनें शस्त्रें खालीं ठेविलीं. त्यांत बहुसंख्य हिंदी होते. १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. अन्न संपल्यावर घोड्याचें मांस खाण्याची पाळी आली, आणि कित्येकांनीं तें उपाशीं राहूनही नाकारलें. कैदेंतून बरेचजण परतलेच नाहींत. हे आजोबा परतले. घरीं मात्र तिकडच्या खजुराखेरीज कशाविषयींही बोलत नसत.

मामंजींनीं पद्धतीप्रमाणें आरंभ केला. आजोबा कां गेले? हिंदुस्थान युद्धांत पडला म्हणून. तो कां पडला? ४ ऑगस्टला इंग्लंड युद्धांत उतरलें, आणि हिंदुस्थानला कोणीं विचारलें नाहीं म्हणून. लोकमान्य त्याच वर्षीं जूनमध्यें मंडालेहून सुटून आले होते. सरकारला साह्य करावें असेंच त्यांनीं ऑगस्टांत जाहीर केलें. परंतु १९१८ च्या जूनमध्यें मुंबईच्या युद्धपरिषदेंत साह्याबरोबर स्वराज्याचा शब्द काढतांच गव्हर्नर विलिंग्डननें त्यांना अडविलें, आणि ते सभा सोडून निघून गेले. दहा लाखांहून अधिक हिंदी माणसें समुद्रापार गेलीं. सुमारें ७४ हजार मेलीं. सातारा जिल्ह्यांतील एकट्या अपशिंगे गांवचीं ४६. पुढें ३ सप्टेंबर १९३९ ला लिनलिथगोनें पुन्हां कोणास न विचारतां हिंदुस्थानला युद्धांत लोटलें, तेव्हां निदान मुंबईच्या खेर मंत्रिमंडळाला राजीनामा देतां आला. युद्धाच्या कारणांच्या ज्या याद्या आमच्या मंडळींनीं बारा वर्षें घोटल्या त्यांत या मुलुखाचें नांव कोठेंही नाहीं. परिणामांच्या यादींत तें आहे.

“ते सरकारचं झालं, साहेब,” ते गृहस्थ म्हणाले. “आजा का गेला?”

प्रश्न रास्त होता. भरती कायद्यानें सक्तीची नव्हती. शिपायाचा पगार महिना ११ रुपये. तो आजोबांनीं कां पत्करला? जमीन गहाण पडली होती, तें त्यांनींच सांगितलें. आणि मग सेराजेव्हो, बर्लिन, व्हिएन्ना सगळें मागें राहिलें, व पांच प्रश्नांची सांखळी आपोआप आमच्याच जिल्ह्यांत उतरली. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें कुणब्यांनीं सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जरोखे जाळले, दंगा आसपासच्या गांवांत पसरला, चौकशी झाली, १८७९ सालीं शेतकऱ्यांस दिलासा देणारा कायदा झाला. कायद्यानंतरही गहाणखतें होतच राहिलीं.

पुढचा प्रश्न कोणीं उच्चारला नाहीं, पण तो सर्वांना ऐकूं आला. आमचें मूळ घर खेडचें, म्हणजे हल्लींच्या राजगुरुनगरचें, आणि कूळकायद्यापूर्वीं आमच्याकडे थोडी सावकारी होती, हें बैठकींत कोणास नवीन नाहीं. घरांत त्याची लाज कोणी बाळगली नाहीं, फुशारकीही मारली नाहीं. शेती, भिक्षुकी, तशीच तीही. शेवटीं मामंजींनींच विचारलें, “गहाण कुणाकडं होतं?”

“नाव कुणाला ठावं! आजा नुसतं ‘खेडचे तात्या’ म्हणायचा.”

खेडला तात्या पुष्कळ असतील. मामंजींच्या आजोबांनाही गांव तात्याच म्हणत असे.

त्यानंतर दोन रविवार बैठक नेहमीप्रमाणें भरली. मामंजी फारसें बोलले नाहींत. मग एके दिवशीं त्यांनीं भावजींकडून माळ्यावरच्या दोन ट्रंका खालीं काढविल्या. आंत वह्या, रोखे, पावत्या, सगळें मोडींत. आमच्या घरांत आज मोडी वाचणारा एकही माणूस नाहीं. एकोणऐंशींव्या वर्षीं मामंजींनीं मोडीच्या शिक्षणास नांव घातलें आहे. रोज दुपारीं ते भिंग घेऊन बसतात, आणि मी शेजारीं बसून लागलेले शब्द बाळबोधींत उतरून घेतें. ते शेतकरी गृहस्थ अजूनही येतात. वह्यांची गोष्ट मामंजींनीं त्यांना पहिल्याच भेटींत सांगितली. “निघंल तवा निघंल,” एवढेंच ते म्हणाले. पहिल्या वहीचीं सोळा पानें लागलीं आहेत. तीं शके १८३० चीं आहेत, म्हणजे १९०८ चीं. त्यापुढच्या सालांच्या वह्या दुसऱ्या ट्रंकेंत आहेत.