ट्रिगर सर्वांत शेवटी

संपादकांचा फोन आला. "समुद्रातले भांडखोर मासे एका टाकीत कसे नांदवता ते लिहा. पण सोपं लिहा, वाचकांना मजा आली पाहिजे." मजा मलाही येत होती, गेल्या ज्येष्ठापर्यंत.

मी केडगावचा. नगरजवळचं केडगाव नव्हे, दौंड तालुक्यातलं. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं आणि नारायण महाराजांच्या बेटाचं. शिकलो मात्र समुद्राकाठी, रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात. आता पुण्यात लोकांच्या खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळतो. गावात मला 'माशांचा डॉक्टर' म्हणतात. डॉक्टर नाही असं सांगून थकलो.

ज्यांच्या टाकीबद्दल लिहितोय ते अण्णा केडगावचेच, गुळाच्या धंद्यातले. नवा बंगला बांधला आणि दिवाणखान्याच्या भिंतीत बारा फूट लांब, तीन फूट रुंद, अडीच फूट उंच काच बसवली. म्हणजे नव्वद घनफूट, अडीच हजार लिटर. दगडं आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी बावीसशे लिटर. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे पस्तीस ग्रॅम क्षार असतात, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. मिठाच्या बादल्या उतरताना अण्णा म्हणाले, "एवढं मीठ आमच्या गावजेवणाला लागत न्हाई." बोअरचं पाणी तर वापरायची सोयच नव्हती. उसाला घातलेल्या युरियाचा माग आमच्या पट्ट्यातल्या विहिरींत नायट्रेटच्या रूपाने सापडतो. सगळं पाणी आरओतून काढलं, आठवडाभर.

मासे कोणते हवेत, यावर अण्णांचं एकच उत्तर होतं. "भांडणारंच पायजेत. शांत मासं उजनीत बी हायेत."

इथे लोकांचा पहिला गैरसमज. भांडखोर मासा म्हणजे मोठ्या दातांचा, भयानक दिसणारा, असं त्यांना वाटतं. पण खाणं वेगळं आणि भांडणं वेगळं. लायनफिश भांडत नाही, तो गिळतो. त्याच्या तोंडात मावेल ते जेवण. न मावेल त्याच्याकडे तो बघतही नाही. पाठीवरचे तेरा विषारी काटे स्वतःच्या बचावासाठी असतात, हल्ल्यासाठी नव्हे. मोरे ईल सतत तोंड उघडझाप करते म्हणून पाहुणे घाबरतात. ती बिचारी श्वास घेत असते. (तिच्या घशात दुसरा जबडा असतो, तो पुढे सरकून शिकार आत ओढतो. हे २००७ साली उजेडात आलं. संपादकांनी सोपं लिहा म्हटलंय, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.) उलट डॅम्सेल नावाचा बोटभर मासा आपल्या दगडापाशी कुणाला फिरकू देत नाही. मी मेलेले मासे मोजले तर डॅम्सेलच्या नावावर जास्त निघतील.

तेव्हा निवड करताना मी तीन गोष्टी बघतो: कोणाचं तोंड केवढं, कोणाला कुठली कपार लागते, आणि कोण आधी येतो. शेवटची सर्वांत महत्त्वाची. आधी आलेल्याला टाकी आपली वाटते, म्हणून भित्रे आधी आणि दांडगे शेवटी. अण्णांच्या टाकीत पहिला लायनफिश सोडला, मग स्नोफ्लेक ईल, जिचे दात बोथट असतात आणि जिला माशांपेक्षा खेकडे आवडतात. मग एक काटेरी केंड, शेपटीजवळ वस्तरा बाळगणारा एक टँग आणि निळा नायजर ट्रिगर. हेकरू मी नाकारला. दुकानात तो तीन इंचांचा, पांढऱ्यावर काळे ठिपके, लहान मुलाच्या झबल्यासारखा दिसतो. वाढला की दोन फुटांच्या वर जातो आणि शेजारी एकेक करून कमी होतात. सगळ्यांत मोठा, राक्षसी हेकरू तर कायद्यानेच संरक्षित आहे, २००१ पासून. खरी पोवळीही. तरी "जिवंत पोवळं बसवा ना" म्हणणारे भेटतातच.

"बारा फुटात पाच मासं? लोकं हसतील," अण्णा म्हणाले.

आता माझ्या आवडत्या भांडणावर येतो. आमच्या धंद्यात एक मंत्र आहे: गर्दी करा, मार वाटला जातो, एकावरच पडत नाही. तो खोटा नाही. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या सिक्लिड माशांना तो लागू पडतो, मी स्वतः वापरलाय. पण ते गोड्या पाण्यातले, बहुतेक शेवाळावर चरणारे, बोटभर लांबीचे. पंचवीस अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, समुद्राच्या पाण्यात पावणेसातच. पाणी तापलं की आणखी कमी, आणि वैशाखात केडगाव चाळिशी गाठतं. पाणी गार ठेवणारा चिलर बंद पडला, रात्री वीज गेली, जनरेटरवाला झोपला, की गर्दीचा मंत्र पहाटेपर्यंत सगळ्यांना सारखंच वाटून टाकतो. शिवाय हे मांसाहारी. त्यांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया, अमोनियातून नायट्राइट, त्यातून नायट्रेट. समुद्राचं पाणी अल्कधर्मी, म्हणून साध्या गोड्या पाण्यापेक्षा तेवढाच अमोनिया तिथे जास्त विषारी ठरतो. हे सगळं मी दुकानदारांना पंधरा वर्षं सांगतोय. ते मान डोलावतात आणि गिऱ्हाइकाला आणखी चार मासे बांधून देतात.

मग मासा मरतो, आणि घरची माणसं सांगतात, "घरावरचं संकट त्याने स्वतःवर घेतलं." अमोनिया निर्दोष सुटतो.

पण अण्णांच्या टाकीत अमोनियाची चूक नव्हती. दसऱ्याला मी सहावा मासा सोडला: क्लाउन ट्रिगर, चार इंचांचा. काळं अंग, पोटावर पांढरेशुभ्र मोठे ठिपके, ओठ पिवळे. अण्णांना तो मोबाइलवर दिसला होता. हा मासा लहानपणी सालस असतो आणि वयात येताना फिरतो, हे मला माहीत होतं. सगळेच फिरतात असं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. शेवटी सोडतोय, टाकी मोठी आहे, असंही सांगितलं. तो महागडा मासा होता, आणि माझं कमिशन किमतीवर होतं. हेही इथे लिहिलं पाहिजे.

आठ महिने काही झालं नाही. मी त्या टाकीचे फोटो इतर गिऱ्हाइकांना दाखवू लागलो.

वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांचा फोन. "डॉक्टर, सिंहाची पिसं गेली." दौंडची गाडी पकडून गेलो. लायनफिश कोपऱ्यात काचेला टेकून उभा होता. पंखांमधला पडदा कुरतडलेला, नुसत्या काड्या उरलेल्या. कापड उडून गेलेल्या छत्रीसारखा. केंडाचा एक डोळा नव्हता. क्लाउन ट्रिगर मधोमध तरंगत होता. ट्रिगरचे डोळे वेगवेगळे फिरतात. त्याचा एक डोळा माझ्यावर होता, दुसरा केंडावर.

जाळी घातली तसा तो कपारीत शिरला आणि पाठीचा काटा उभा करून अडकून बसला. ट्रिगर हे नाव त्यावरूनच पडलं. पहिला काटा उभा झाला की ओढून निघत नाही, दुसरा छोटा काटा दाबला तरच पहिला मिटतो. तिथवर बोट पोचेना. बावीसशे लिटरमधली निम्मी दगडं उपसून मी तीन तासांनी त्याला बाहेर काढला. बादलीत तो कुरकुरत होता. हे मासे खरोखर आवाज करतात.

अण्णा तोवर सोफ्यावर बसून बघत होते. मी हात पुसत असताना त्यांनी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"होतं," मी म्हटलं.

ते चिडले नाहीत. चहा सांगितला. चिडले असते तर बरं झालं असतं.

लायनफिश चार दिवसांनी गेला. केंड एका डोळ्याने कोळंबी खातो, सालासकट, कारण केंडाचे दात वाढतच राहतात आणि झिजवावे लागतात. टाकीत आता चारच मासे आहेत आणि अण्णांनी पाचवा मागितलेला नाही. क्लाउन ट्रिगर माझ्या केडगावच्या घरी सहा फुटांच्या टाकीत एकटा आहे. आता सहा इंचांचा झालाय, तब्येत उत्तम. कुणाला हवा असेल तर फुकट देईन. टाकी मात्र रिकामी असली पाहिजे, आणि पुढेही रिकामीच राहिली पाहिजे.