डहाणूत बघायला काय आहे?

डहाणूला निघालो की मुंबईतलं कुणी ना कुणी हमखास विचारतं, "तिथे बघायला काय आहे?" समुद्र आहे म्हणावं, तर ओहोटीला तो बोर्डीच्या किनाऱ्यावरून इतका आत जातो की डुंबायला आलेला माणूस ओल्या वाळूतून चालूनच दमतो. २०१३पासून लोकल थेट डहाणू रोडपर्यंत येते. रविवारी पारनाक्याच्या किनाऱ्यावर गर्दी होते, सुरूच्या सावलीत फोटो निघतात आणि संध्याकाळच्या गाडीने मंडळी परत. येऊ देत बिचारी. पण राजवाडा, मनोरा, प्रसिद्ध बाजार अशी यादी हातात घेऊन गावं बघायची सवय लागलेल्याला इथे फारसं काही गवसत नाही. ज्यांनी काही उभारलं त्यांच्या खुणा दिसतात. ज्यांनी 'हे होऊ देणार नाही' म्हटलं, त्यांच्या खुणा शोधाव्या लागतात. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अशा नकारांनी घडलेले आहेत.

पारनाक्यावरून नरपड, चिखले, घोलवड करत बोर्डीला जाणारा रस्ता धरा. आजूबाजूला चिकूच्या वाड्या, त्यातल्या कितीतरी इराणी कुटुंबांच्या. चिकू झाडावर पिकू देत नाहीत, कडक असतानाच उतरवतात. बांबूच्या टोकाला जाळी बांधून फळ ओढलं की देठातून पांढरा चीक ठिबकतो. शेडमध्ये बायका मांडी घालून बसलेल्या असतात, गप्पा चालू आणि हातही चालू. मोठा, मधला, बारीक असे ढीग नजरेच्या अंदाजाने पडत जातात. गिऱ्हाइकाने ढिगात हात घातला की त्यांच्या कपाळाला आठी पडते, आणि ते बरोबरच आहे. २०१६मध्ये या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं. पण या वाड्या टिकल्या त्याचं मोठं श्रेय जातं २० जून १९९१च्या अधिसूचनेला. डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला आणि मोठ्या प्रदूषणकारी कारखान्यांना दार बंद झालं. कागदावरची बंदी पाळली जावी म्हणून नर्गिस इराणींसारखी माणसं वर्षानुवर्षं भांडत राहिली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणूसाठी पर्यावरण प्राधिकरण नेमलं गेलं. पाचशे मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र तेवढं आधीच आत आलं होतं. त्याची चिमणी लांबूनही दिसते.

घोलवडहून कोसबाडची टेकडी जवळ आहे. शाळा ठरलेल्या वेळी, ठरलेल्या इमारतीत भरते, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मान्यच केलं नाही. १९४५ साली बोर्डीत सुरू झालेलं त्यांचं काम पुढे या टेकडीवर आलं. गुरं राखणारी पोरं वर्गात येत नाहीत ना, मग मास्तरांनीच कुरणात जायचं, अशी त्यांची कुरणशाळा. आज गावोगाव दिसणाऱ्या अंगणवाडीची पहिली आखणी याच दोघींची.

त्याच १९४५ सालातलं दुसरं ठिकाण म्हणजे तलासरी तालुक्यातलं झरी. त्या मे महिन्यात किसान सभेच्या नेतृत्वाखाली हजारो वारली आदिवासी तिथे जमले आणि वेठबिगार करणार नाही असं ठरवून उठले. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघांनी सावकाराच्या घरी राबायचं, अशा माणसाला लग्नगडी म्हणत. ती प्रथा मोडायला इथून सुरुवात झाली. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला, पाच जण गेले, तरी लोक मागे हटले नाहीत. या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये हे सगळं लिहून ठेवलंय. आज तलासरीत त्यांच्या नावाचं महाविद्यालय आहे. तारप्याभोवती फेर धरणारे वारली आपल्या ओळखीचे आहेत, कपांवर, पिशव्यांवर, विमानतळांच्या भिंतींवर. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ती चित्रं जगभर नेली, हे मोठंच. पण त्या फेरातल्या माणसांनी एकदा सावकाराच्या डोळ्याला डोळा भिडवला होता, हे पिशवी विकत घेणाऱ्याला कुणी सांगत नाही. झरीत उतरलात तर कौलारू घरं, कुंपणं, वाटेवरच्या कोंबड्या एवढंच दिसेल. पुस्तक वाचून गेलात तरच त्या गावात काही बघितलं असं होईल.

आणि आता वाढवण, डहाणू तालुक्यातलंच किनाऱ्यावरचं गाव. १९९८ साली डहाणूच्या प्राधिकरणाने तिथल्या नियोजित बंदराला नकार दिला होता. २०२३मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली, ऑगस्ट २०२४मध्ये पायाभरणी झाली. बंदराने रोजगार येईल म्हणणारे सगळेच खोटं बोलत नाहीत. तरी मासेमारी हातची गेल्यावर मच्छीमाराने क्रेन चालवायला शिकावं, हा हिशेब मला पटत नाही. पिढ्यान्पिढ्या समुद्र ओळखणारा माणूस नोकरीच्या अर्जात 'अननुभवी' ठरतो. तिथल्या मच्छीमारांचा विरोध वर्षानुवर्षांचा आहे आणि तो अजून संपलेला नाही.

तेव्हा डहाणूला याल तर एक दिवस चिकू आणि समुद्र यांना द्या, दुसरा वाढवण-वरोरच्या किनाऱ्याला. ओहोटीच्या वेळी जा, खडकांत शिंपले-खेकडे शोधणाऱ्या बायकांशी बोला. बंदराचा भराव पडायच्या आधी जा.