सोसणं परवडत नाही

आईनं सोसावं, ही आपल्याकडची जुनी अपेक्षा. ताप अंगावर काढून पोळ्या लाटणारी, मुलांना कळूही न देता दुखणं गिळणारी आई सगळ्यांना आवडते. शाळेतल्या निबंधांपासून सत्काराच्या भाषणांपर्यंत तिचे गोडवे गायले जातात. माझ्या सासूबाईही कधीमधी म्हणतात, "बाईच्या जातीला थोडं सोसाच लागते." त्या वाईट मनानं म्हणत नाहीत; त्यांनी जन्मभर तेच केलं. पण आमच्या घराला हा गुण परवडणारा नाही, असं माझं आता पक्कं मत झालं आहे.

मला सिकलसेल आहे, एसएस पॅटर्नचा. माझ्या दहा वर्षांच्या मुलीलाही एसएसच. चंद्रपूर-गडचिरोलीकडे हे फार समजावून सांगावं लागत नाही. पुण्याकडच्या नातेवाइकांना मात्र पहिल्यापासून सांगावं लागतं. तांबड्या पेशी गोल आणि लवचीक असायला हव्यात. आमच्या पेशी ऑक्सिजन कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि जिथं अडकतात तिथं दुखतं. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, आमची १० ते २० दिवसांत संपते. म्हणून रक्त कायम कमी आणि डोळे पिवळसर. माझ्या खुब्याच्या हाडाला रक्त नीट न मिळाल्यानं ते झिजलं आहे, त्यामुळे मी किंचित लंगडते.

"हे मला तुझ्याकडून आलं ना?" असं मुलीनं विचारलं, तेव्हा मी तिला वहीवर आकृती काढून दाखवली. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात. माझ्या दोन्ही सदोष, तिच्या बाबांची एक. माझ्याकडून मुलांना सदोष प्रत जाणारच होती. बाबांकडची कुठली जाईल, ते कुणाच्या हातात नव्हतं. तिच्या वाट्याला एसएस आलं, धाकट्याच्या वाट्याला एएस. तो नुसता वाहक आहे, दिवसभर क्रिकेट खेळतो. आकृतीकडे बघत ती म्हणाली, "म्हणजे त्याचा नंबर लागला."

अपराधी वाटत नाही का, असं लोक विचारतात. वाटतं. पण लायनस पॉलिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९४९ सालीच दाखवून दिलं, की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. एका जागी एक अमिनो आम्ल बदललं, त्यातून हे सारं रामायण. रेणूवर रुसून बसायला मला सवड नाही. सकाळी दोघींची हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिडची गोळी द्यायची-घ्यायची असते, तिच्या पाण्याच्या बाटल्या भरायच्या असतात. चंद्रपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांवर जातो आणि अंगातलं पाणी कमी झालं की दुखणं उठलंच. थंडीत उलटं, गार पाण्यानं अंघोळ केली तरी पाय धरतात. ठरावीक काळानं दोघींची रक्ततपासणी असते, कारण या औषधानं पांढऱ्या पेशी फार कमी होता कामा नयेत. ही कामं एका माणसाची असती तर सहज उरकली असती. आमच्याकडे ती करणारी बाई स्वतःच महिन्यातले काही दिवस अंथरुणावर असते.

आजार एकच असल्यामुळे मला तिचं दुखणं आतून कळतं, असा समज आहे. काही अंशी तो खरा आहे. "आई, पाय दुखून राहिला," या वाक्यातला नेहमीचा थकवा कुठला आणि क्रायसिसची, म्हणजे तीव्र वेदनांच्या झटक्याची, सुरुवात कुठली, ते मला तिच्या चालण्यावरून ओळखता येतं. पण याचा तोटाही आहे. डॉक्टर शून्य ते दहामध्ये दुखण्याचा आकडा विचारतात. माझा दहा बाळंतपणातल्या क्रायसिसचा आहे. त्या मापानं तिचा सात मला चारच वाटू शकतो. म्हणून तिचा आकडा तीच सांगते, मी तो दुरुस्त करत नाही. एकाच आजाराची दोन शरीरं असली तरी दुखणी दोन असतात.

सोसण्याबद्दलचं माझं मत मात्र एका तापानं बनवलं. मी वेदनाशामक घेऊन पडले होते. तिला दुपारपासून ताप होता आणि तिनं संध्याकाळपर्यंत कुणाला सांगितलं नाही. सिकलसेलमध्ये पाणथरी लहानपणीच निकामी होऊ लागते, त्यामुळे जंतुसंसर्ग झपाट्यानं वाढू शकतो. आमच्यासारख्यांनी ताप अंगावर काढायचा नसतो. तिच्या बाबांनी तिला तडक दवाखान्यात नेलं, ती सावरली. का सांगितलं नाहीस, असं विचारल्यावर म्हणाली, "तुलाही दुखत होतं, पण तू कुठं बोलत होतीस?"

मुलं सांगितलेलं शिकत नाहीत, पाहिलेलं शिकतात. मी ज्याला खंबीरपणा म्हणत होते, तो ती हुबेहूब गिरवत होती. तेव्हापासून रात्री जेवताना दोघीही आपला आकडा सांगतो. माझा सहाच्या वर असेल तर मी आडवी होते, स्वयंपाक बाबा बघतात आणि शाळेत कुणी जायचं तेही आधीच ठरलेलं असतं. सासूबाईंना हे सुरुवातीला थेर वाटले. मला मात्र कळलं, की माझी विश्रांती तिच्या वाट्याच्या वेळातून चोरलेली नसते. तीही तिच्या संगोपनातच मोडते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आलं. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं २०४७ पर्यंत या आजाराच्या उच्चाटनाचं अभियान सुरू केलं. तपासण्या वाढतील, पुढच्या पिढीत एसएस मुलं कमी जन्मतील, हे चांगलंच आहे. पण जी जन्मली आहेत, त्यांना मोठं व्हायचं आहे. उद्या माझी मुलगी परगावी शिकायला जाईल. एखाद्या रात्री दुखणं उठेल आणि समोर नवखा डॉक्टर असेल. बाहेरून काहीच दिसत नाही, मग ही इंजेक्शन मागतेच कशाला, असा संशय त्याच्या चेहऱ्यावर असेल. ती नजर मी ओळखते. तेव्हा मी तिच्याजवळ नसेन. आपल्याला नेमकं किती दुखतंय आणि काय हवंय, हे तिला न लाजता, आवाज न चढवता, पुन्हा पुन्हा सांगता आलं पाहिजे. मला ते चाळिशीला टेकल्यावर जमू लागलं. तिचा सराव दहाव्या वर्षीच सुरू झाला आहे.