जळालेला पहिला खंड

मी शिकवतो मराठी. पण चरित्रवाङ्मयाचा विषय निघाला की वर्गात टॉमस कार्लाइलचे नाव निघतेच. माणूस वाचायला सोपा नाही. १८३३-३४ साली मासिकातून आलेल्या त्याच्या ग्रंथाचे नावच मुळी 'सार्टर रिसार्टस', म्हणजे 'पुन्हा शिवलेला शिंपी'! कपड्यांच्या निमित्ताने सारे तत्त्वज्ञान त्यात आले आहे, असे मी ऐन दिवाळीच्या तोंडावर घरात सांगितले. "शिलाई कमी कशी करावी ते आहे का त्यात?" सौभाग्यवतींनी विचारले. मी पुस्तक मिटले.

मला त्याचा जवळचा वाटणारा ग्रंथ म्हणजे 'फ्रेंच राज्यक्रांती'. लंडनला बिऱ्हाड नवे, हाती पैसा बेताचा. अशा दिवसांत लिहिलेला पहिला खंड त्याने मित्राला, जॉन स्टुअर्ट मिलला, वाचायला दिला. मार्च १८३५ मध्ये मिल दारात आला तो पांढराफटक पडलेला. हस्तलिखित रद्दी समजून जाळले गेले होते! दुसरी प्रत नव्हती, टिपणेही नव्हती. मिल गेल्यावर कार्लाइल पत्नीला म्हणाला की, आपले किती नुकसान झाले ते त्या बिचाऱ्याला कळू द्यायचे नाही. मिलने दोनशे पौंड देऊ केले, याने शंभरच घेतले. खंड पुन्हा लिहिला. १८३७ साली ग्रंथ निघाला आणि त्याचे नाव झाले.

पुढे १८४१ साली त्याची थोर पुरुषांवरील व्याख्याने छापली गेली. १८४३ च्या 'पास्ट अँड प्रेझेंट'मध्ये इंग्लंडमधल्या श्रमिकांची कळकळ दिसते. मग क्रॉमवेल आला, सहा खंडांचा फ्रेडरिक आला, आणि बलवंतांची भक्ती वाढत गेली. वेस्ट इंडीजमधल्या मुक्त गुलामांविषयी १८४९ साली त्याने जे लिहिले ते आज वाचवत नाही. पुढच्याच महिन्यात त्याच मासिकात त्याला खणखणीत उत्तर मिळाले. ते लिहिणारा कोण? मिलच!

"सर, मग असला लेखक वाचायचा कशाला?" मुले विचारतात. प्रश्न रास्त आहे. मी सांगतो, तो निबंध वाचाल तेव्हा मिलचे उत्तरही शेजारी ठेवा. आणि 'राज्यक्रांती' अवश्य वाचा. थोरपण शोधायला हा गृहस्थ राजवाडे आणि रणांगणे धुंडाळीत हिंडला. मला मात्र ते त्याच्याच घरात सापडते. स्वतःचे सर्वस्व जळाले असता समोरच्याचे मन जपणारा तो रात्रीचा कार्लाइल त्याच्या कुठल्याही वीरपुरुषाहून मला मोठा वाटतो.