आबा, ती प्लेट नको

ती. आबा,


शनिवारी तुम्ही माझ्यावर रुसलात ते कळलं. गॅरेजवाला म्हणाला होता, "ईजीआरला डमी प्लेट मारू, कटकट संपली." आणि मी मध्ये पडून दारातच पिकअप खोलून बसले. समोरासमोर बोलले असते तर दोघांचाही आवाज चढला असता, म्हणून लिहिते.

तक्रार तुम्ही नेमकी सांगितली होती. सकाळी सुरू व्हायला कुरकुर, जागेवर थरथर, आणि चाकणहून खताच्या गोण्या आणताना खेड घाटात काळा धूर, ओढ नाही. पण काळा धूर तुंबलेल्या एअर फिल्टरनं येतो, टर्बोचा पाइप फाटला तरी येतो. म्हणून आधी ते दोन्ही पाहिले, ठीक होते. मग स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला तर मोबाइलवर पी०४०२ आलं. ईजीआर व्हॉल्व्हमधून जळका वायू इंजिनात हवा त्याहून जास्त परत येतोय, असा त्याचा अर्थ. पी०४०१ आलं असतं तर उलट, वायू कमी जातोय. पण नुसत्या कोडवर नवा व्हॉल्व्ह आणणं म्हणजे खोकला ऐकून औषध देणं.

इंजिन गार झाल्यावर बॅटरीची निगेटिव्ह काढून व्हॉल्व्ह उतरवला. तुमच्या हातात दिला तर तुम्ही म्हणालात, "हे तर तव्याचं बूड!" झडप मिटलेली दिसत होती. वरून चमचाभर डिझेल ओतलं आणि खालून टपटप गळायला लागलं. झडपेखाली ज्वारीच्या दाण्याएवढा काजळीचा खडा अडकला होता. गाडीवर भार पडला की ही झडप मिटून इंजिनाला ताजी हवा मिळायला हवी. आपली मिटतच नव्हती. मोटरकडचा भाग सांभाळून कार्ब क्लीनरनं खरवडलं, पुन्हा डिझेल ओतलं, थेंब नाही. नवं गॅस्केट मंचरला दुसऱ्या दिवशी मिळालं, त्यात तुमची कांद्याची खेप हुकली. ती चूक माझी. गॅस्केट आधी आणायला हवं होतं.

आता प्लेटचं. ती मारली असती तर धूर कमी झाला असता, पीयूसीही मिळालं असतं. डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजनची ऑक्साइडं मोजतच नाहीत. आणि ही झडप बसवलीय ती त्यांच्यासाठीच. थोडा जळका वायू आत परत सोडला की जळणाची आच उतरते, ऑक्साइडं कमी होतात. हीच ऑक्साइडं उन्हात ओझोन तयार करायला हातभार लावतात, आणि बटाट्याचं पान ओझोनला हळवं असतं, त्यानंही डाग पडतात. सातगाव पठारावर मामा पानावर डाग दिसला की करप्याची फवारणी घेतात. प्रत्येक डाग करपाच असतो असं नाही. एका पिकअपनं पठार करपणार नाही, हे मलाही कळतं. पण पुणे-नाशिक रस्त्यावर अशा प्लेटा किती असतील?

कोड पुसलाय. चार-पाच खेपा करा, पुढच्या शनिवारी पुन्हा स्कॅनर लावते. आणि सकाळी शेडचं शटर पूर्ण वर केल्याशिवाय इंजिन चालू ठेवू नका. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

डॅशबोर्डच्या खणातली प्लेट शोधू नका. आईच्या गव्हाच्या कोठीचा एक पाय आखूड होता, ती आता हलत नाही.

तुमची,
ताई