क्राऊन, पिनियन आणि काळी माती

नोव्हेंबर 2023 च्या शेवटच्या आठवड्यात अवकाळी पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या ट्रकचं डिफरन्शियल फुटलं. गाडी उसाच्या फडात होती, पूर्ण भरलेली. उजवीकडची मागची जोडचाकं सरीत फसली होती, डावीकडची बांधाच्या कडेला बऱ्यापैकी घट्ट जमिनीवर होती. मी ॲक्सिलरेटर दाबला की उजवी चाकं चिखल उडवत गरगर फिरायची. डावी जागची हलायची नाहीत. पाच-सहा मिनिटं मी तसंच केलं असेल. पुढं-मागं, पुढं-मागं. मग ऊसतोड टोळीतल्या पोरांनी चाकाखाली तुराट्या आणि पाचट कोंबलं, फिरत्या चाकाला एकदम पकड मिळाली, गाडीला हिसका बसला आणि पोटाखालून असा आवाज आला की मुकादम दहा पावलं मागं सरकला. त्यानंतर इंजिन फिरत होतं, प्रोपेलर शाफ्ट फिरत होता, चाक एकही फिरत नव्हतं.

माझं गाव अंतरवाली सराटी, जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात आहे. गोदावरी जवळ, आणि जायकवाडीचा 208 किलोमीटरचा डावा कालवा आमच्याच तालुक्यातून पुढं परभणीकडं जातो. पाणी आलं तसा ऊस आला, आणि ऊस आला तसे माझ्यासारखे गाडीवाले झाले. काळी माती मुरलेल्या पाण्यानं फुगते आणि चाकाला अशी चिकटते की टायरची नक्षी भरून चाक गुळगुळीत होतं. उन्हाळ्यात याच मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हंगाम सुरू झाला की चार-पाच महिने मी शिवारातून कारखान्यावर ऊस ओढतो, बाकीचे दिवस धुळे-सोलापूर महामार्गावर मिळेल तो माल भरतो. पुढची सगळी निवड या दोन ओळींवर ठरली, पण तेव्हा मला ते कळत नव्हतं.

ऊस दुसऱ्या गाडीत भरून दिला, माझी गाडी ट्रॅक्टरनं ओढून रस्त्यावर घेतली, आणि जालन्याच्या मिस्त्रीकडं नेली. आम्ही त्यांना उस्ताद म्हणतो. त्यांनी एक्सल उपसले, हाऊसिंगमधून गोळा बाहेर काढला आणि तेल परातीत सोडलं. तेलात लोखंडाचे तुकडे होते. मला वाटलं होतं क्राऊनचे, म्हणजे आतल्या मोठ्या दातेरी चाकाचे, दात गेले असतील. तेही गेले होतेच, पण उस्तादांनी मला आधी दाखवला तो आतला स्पायडर, म्हणजे ज्याच्या चार बोटांवर स्टार पिनियन ही छोटी दातेरी चाकं फिरतात तो क्रॉस. त्याची दोन बोटं जळून निळी पडली होती आणि एक स्टार पिनियन त्याला चिकटून बसला होता.

"भाऊ, हे हिसक्यानं नाही गेलं. हे आधीच मेलेलं होतं. किती वेळ एक चाक फिरवलं?"

मी खरं सांगितलं. ते म्हणाले, "काट्यावर तीस दिसत होते ना? एक चाक थांबलेलं असलं की त्याच्या वाट्याचं फिरणंसुद्धा दुसऱ्याला जातं. म्हणजे तुमचं चाक साठनं पळत होतं. रस्त्यावर हे आतले दात एकमेकांवर नुसते टेकून असतात, वळणावर थोडे सरकतात. तुम्ही त्यांना सहा मिनिटं घोड्यासारखं पळवलं. तेवढं तेल तिथं पोचत नाही."

म्हणजे दोष माझा होता. वीस वर्षं गाडी चालवली आणि पोटाखालच्या या गोळ्यात काय चालतं ते मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी उस्तादांच्या शेडमध्ये मी संध्याकाळपर्यंत बसून राहिलो आणि ते समजून घेतलं.

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जावं लागतं. माझ्या ट्रकच्या मागच्या चाकांमध्ये साधारण 1.8 मीटरचं अंतर आहे. चौकात काटकोनात वळलं की बाहेरचं चाक आतल्यापेक्षा पावणेतीन मीटर जास्त चालतं. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर पक्की असती तर प्रत्येक वळणावर एकाला घासत जावं लागलं असतं. हे टाळायला सुमारे दोनशे वर्षांपूर्वी पेकर नावाच्या एका फ्रेंच घड्याळजीनं वाफेच्या गाडीसाठी ही दातांची रचना नोंदवली, आणि आजही बैलगाडी सोडून बहुतेक सगळं तिच्यावरच चालतं. बैलगाडीला ती लागत नाही, कारण तिची दोन्ही चाकं आपापली मोकळी फिरतात आणि ओढणारे बैल पुढं असतात.

पण या रचनेची एक अट आहे. ती दोन्ही चाकांना जोर सारखाच देते, कुणाला जास्त नाही. समजा चिखलातलं चाक दोनशे किलोच्या जोराला घसरतं आणि कोरड्यावरचं दोन हजार किलो पेलू शकतं. तर कोरड्यावरच्यालाही दोनशेच मिळतात. गाडीला ओढायला एकूण चारशे. दोन्ही चाकं एकत्र बांधता आली तर बावीसशे. इंजिन तेच, डिझेल तेच, फडही तोच. हा हिशोब उस्तादांनी खडूनं शेडच्या पत्र्यावर मांडला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. इतकी वर्षं मी इंजिनाला शिव्या घालत होतो.

आता निवडायचं काय? पहिला मार्ग सरळ: होता तसाच नवा क्राऊन-पिनियन, नवा स्पायडर, सगळं पूर्वीसारखं. दुसरा मार्ग मी स्वतःच डोक्यात घेऊन गेलो होतो, तो म्हणजे जास्त जोराचा क्राऊन. माझ्या गाडीत पिनियनला सात दात आणि क्राऊनला एक्केचाळीस, म्हणजे पिनियनच्या 5.86 फेऱ्यांना चाकाची एक. सहा दातांचा पिनियन घेतला तर 6.83. जोर सतरा टक्क्यांच्या आसपास वाढतो. शेजारच्या गावातल्या एका गाडीवाल्यानं तसं केलं होतं आणि तो फार कौतुकानं सांगायचा.

तिसरा मार्ग माझ्या भाच्यानं सुचवला. तो चाकणला गाड्यांच्या कारखान्यात कामाला आहे. मित्रांबरोबर त्यानं एक जुना पिकअप घेतलाय आणि सुट्टीच्या दिवशी बंद मैदानावर तो ड्रिफ्ट करायला शिकतोय. ड्रिफ्ट म्हणजे वळणावर मागची चाकं मुद्दाम घसरवायची आणि गाडी आडवी करून, तशीच ताब्यात ठेवून न्यायची. जपानच्या घाटरस्त्यांवर हे सुरू झालं, केइची त्सुचिया नावाच्या चालकानं ते जगाला माहीत करून दिलं, असं तो सांगतो. पिकअप त्यासाठी बरा, कारण इंजिन पुढं, ओढ मागच्या चाकांना, आणि रिकामा हौदा हलका, त्यामुळं मागचं टोक लवकर सुटतं. पण साधं डिफरन्शियल असलं की आतलं चाक हवेत फिरल्यासारखं फिरतं आणि बाहेरचं काही करत नाही. गाडी आडवी होतच नाही. म्हणून स्वस्तातले लोक आतल्या स्टार पिनियनला वेल्डिंग मारून दोन्ही चाकं कायमची एक करतात.

"मामा, तुम्हीपण वेल्ड मारून टाका. शंभर दुखणी जातील."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ विचार करत राहिलो. त्याला घसरायचं आहे, मला घसरायचं नाही, आणि दोघांनाही हवं आहे ते एकच: दोन्ही चाकं एकसारखी फिरणं. हे मला त्या दिवशी फार मोठं वाटलं आणि अजूनही वाटतं.

उस्तादांना सांगितलं तर त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "तुमचा भाचा रिकामी गाडी मैदानावर फिरवतो. टायर गेलं तर दुसरं लावतो. तुम्ही भरलेली गाडी डांबरावर वळवणार. दोन्ही चाकं बांधलेली असली की प्रत्येक वळणावर एक टायर घासणार, आणि जे घासू शकत नाही ते एक्सल पिळणार. एक दिवस एक्सल तुटेल, तोही वळणावर. शिवाय हे दात कडक पोलादाचे आहेत, वेल्डच्या कडेलाच तडकतात. तडकलेला तुकडा क्राऊनमध्ये गेला की चालत्या गाडीची मागची चाकं जाम." मालाच्या गाडीच्या मूळ रचनेत असा मनानं बदल करणं कायद्यातही बसत नाही, हे त्यांनी वेगळं सांगितलं. भाच्याला मी हे सगळं तसंच्या तसं कळवलं. मैदानापर्यंत पिकअप स्वतः चालवत नेऊ नको, दुसऱ्या गाडीवर चढवून ने, एवढं त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

चाकं कायमची न बांधता हवी तेव्हाच बांधता येतील का, या विचारात मला त्याच वर्षीचा 14 ऑक्टोबरचा दिवस आठवला. त्या दिवशी आमच्या गावात मराठा आरक्षणाची सभा झाली आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून एवढ्या गाड्या आल्या की शिवारातली मोकळी वावरं वाहनतळ झाली. परतताना एक थार पाटाच्या ओल्या कडेत उतरली होती. एक मागचं चाक दोन-तीनदा फिरलं, मग खालून खट्ट असा आवाज आला, दोन्ही चाकं एकदम धरली आणि गाडी वर आली. मी तेव्हा ते नुसतं पाहिलं. आता उस्तादांनी उलगडून सांगितलं: त्या गाड्यांच्या मागच्या एक्सलमध्ये आपोआप लागणारं लॉक येतं. दोन चाकांच्या फिरण्यात मिनिटाला शंभरेक फेऱ्यांचा फरक पडला की आतली वजनं बाहेर फेकली जातात आणि लॉक लागतं. गाडीनं वेग धरला की ते लागतच नाही. ट्रॅक्टरवर तेच काम टाचेजवळच्या पेडलनं होतं, ते तर मी लहानपणापासून दाबत आलोय. फक्त ट्रकला असं काही असतं हे मनात आलं नव्हतं.

ट्रकमध्ये ते टिपरला असतं, खाणीत आणि बांधकामावर चालणाऱ्या गाड्यांना. बटण दाबलं की हवेच्या दाबानं एक दातेरी बाही सरकते आणि एक्सल थेट डिफरन्शियलच्या पिंजऱ्याला बांधला जातो. मग दोन्ही चाकं एक. बटण सोडलं की पुन्हा मोकळी. पण त्यासाठी नुसता गोळा बदलून भागत नाही. त्या बाहीसाठी एक्सलवर वेगळ्या खाचा लागतात, हाऊसिंगला हवेच्या सिलिंडरची जागा लागते. आपल्याच कंपनीच्या टिपरचा सबंध एक्सल मिळाला, पाट्यांच्या बैठका आणि ब्रेकचे ड्रम जुळले, तरच करायचं.

तरीही माझा जीव सहा दातांच्या पिनियनमध्ये अडकला होता. तेव्हा उस्ताद जे बोलले त्यावर माझा निर्णय झाला. "तुमची गाडी जोर कमी पडून कधी थांबली?" मी आठवून पाहिलं. फडातून निघताना इंजिन दबलंय, बंद पडलंय, असं झालंच नव्हतं. प्रत्येक वेळी चाक फिरलं होतं. फिरणाऱ्या चाकाला आणखी जोर देऊन काय होणार? ते आणखी खड्डा करणार. आणि महामार्गावर ज्या इंजिनाच्या गतीला मी साठनं जातो तिथं एक्कावन्ननं जाणार, वर्षातले सात महिने, डिझेल जाळत. वेगाचा काटा गिअरबॉक्सवरून चालत असल्यानं तो मात्र साठच दाखवत राहणार. मी ती गोष्ट तिथंच सोडली.

जालना सळईच्या कारखान्यांचं शहर, तिथं भंगाराला तोटा नाही, पण हवा तो एक्सल मिळायला सोळा दिवस लागले. उभ्या हंगामातले सोळा दिवस. घरी कुणी बोलत नव्हतं. शेवटी पुढून अपघात झालेल्या एका टिपरचा मागचा एक्सल मिळाला, 7 आणि 41 दातांचाच, लॉकसकट. उस्तादांनी आधी पिनियनच्या डोक्यावरचा आणि क्राऊनच्या कडेचा कोरलेला नंबर चिंधीनं पुसून पाहिला. दोन्ही एकच. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात जोडीनं घासून बसवतात. एकाचा क्राऊन आणि दुसऱ्याचा पिनियन घेतला की काही दिवसांत ओरडायला लागतो. नंबर जुळले नसते तर ते एक्सलला हात लावणार नव्हते.

बसवताना मी शेजारी होतो. दातांना रंग लावून त्यांनी क्राऊन हातानं फिरवला आणि पिनियनचा ठसा कुठं उमटतो ते पाहिलं. ठसा दाताच्या मधोमध हवा. तो टोकाकडं होता. कागदासारखी पातळ शिम घातली, पुन्हा रंग, पुन्हा फेरी. असं चार वेळा. दोन दातांमधली ढिलाई पाव मिलिमीटरच्या आसपास येईपर्यंत त्यांनी बोल्ट आवळले नाहीत. मग नव्वद नंबरचं तेल भरलं, हवेची नळी ओढली, केबिनमध्ये बटण आणि एक तांबडा दिवा बसवला.

"फिरत्या चाकावर बटण दाबायचं नाही. थांबायचं, दाबायचं, मग गाडी उचलायची. आणि डांबर लागायच्या आत दिवा विझलेला पाहिजे."

जानेवारीत आमच्याच शिवारात कालव्याच्या पाझरानं ओला राहिलेला एक फड होता. गाडी भरली, उजवी चाकं खचायला लागली तसा मी थांबलो. बटण दाबलं, दिवा लागला, पहिल्या गिअरमध्ये क्लच हलकेच सोडला. मागचे चारही टायर एकसारखे फिरले. चिखल उडाला नाही. गाडी सरळ रेघेत बांधापर्यंत आली. मुकादमानं काहीच विचारलं नाही, टोळी पुढच्या सरीला लागली.

लॉकनं सगळं होतं असं नाही. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीनंतरच्या हंगामात काही वावरांत दोन्ही बाजू सारख्याच पोकळ होत्या. दोन्ही चाकं एकसारखी फिरली आणि एकसारखी खाली गेली. तिथं ट्रॅक्टर आणि साखळीच लागली. तसं दिसलं की आता मी गाडी फडात घालतच नाही, पाणंदीवर उभी करतो आणि मोळ्या तिथपर्यंत आणायला सांगतो. टोळीला जादा पैसे द्यावे लागतात, ते देतो.

यंदा मी एक तरुण ड्रायव्हर ठेवलाय. पहिल्याच दिवशी पाणंद संपून डांबरी रस्ता लागतो तिथं मी त्याला गाडी थांबवायला लावली. जळालेला स्पायडर मी केबिनमधल्या पेटीत जपून ठेवलाय, तो त्याच्या हातात दिला. त्यानं निळ्या पडलेल्या बोटांवरून अंगठा फिरवला, मग समोरच्या दिव्याकडं पाहिलं. दिवा अजून लागलेला होता. त्यानं बटण सोडलं आणि मग गाडी वळवली.