चिंगीचा खाऊ

भाचीला कंपनीनं परदेशी पाठवलं आणि तिची फेरेट, चिंगी, हिवाळाभर ग्वाल्हेरला आमच्या लष्करच्या घरी आली. शेजारणीनं जाळीतून बघून विचारलं, "नेवला पाला है क्या?" मुंगूस पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा, त्यामुळे प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. हे मुंगूस नव्हे, युरोपात सशांच्या शिकारीसाठी माणसाळवलेलं जनावर आहे, हे मग गल्लीभर सांगत फिरले.

खरी पंचाईत खाऊची. आमच्याकडे लाड म्हणजे गोड, त्यात थंडीचे दिवस, घरात मुरैनाची गजक आलेली. सासूबाई पेढ्याचा कण बोटावर घेऊन पिंजऱ्यापाशी बसत. चिंगी चाटायला तयारच, हीच तर अडचण! फेरेटला गोड आवडतं, पण मानवत नाही. तिचं आतडं एवढं आखूड की खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर. धान्य, फळं पचवायची सोयच नाही. दुधानं पोट बिघडतं. आणि वय झालेल्या फेरेटांच्या स्वादुपिंडात गाठी होण्याचं प्रमाण बरंच. मग इन्सुलिन वाढतं, रक्तातली साखर घसरते, मागचे पाय लुळे पडतात. गोड दिलं की आणखी इन्सुलिन सुटतं. मनुकासुद्धा नको, म्हणून भाचीनं बजावलं होतं.

"मग बिचारीनं खायचं तरी काय?" सासूबाई.

मांस. रोजचं, मांजराच्या पिल्लांचं कोरडं खाणं भाचीनं भरपूर दिलं होतं. खाऊ मात्र मला शोधायचा होता. बाजारात 'छोट्या प्राण्यांसाठी' म्हणून मिळालेली बिस्किटं उलटून वाचली तर गहू आणि काकवी. ससे-हॅमस्टरचा माल, ठेवून दिला. शेवटी आयुष्यात पहिल्यांदा कोंबडीवाल्यापुढे उभी राहिले. "भैया, सिर्फ दिल देना, सौ ग्राम."

"सौ ग्राम में मेहमान भूखे जाएँगे, आंटी."

मागच्या पडवीत, वेगळ्या पातेल्यात, ते नुसत्या पाण्यात उकडलं. मीठ नाही, कांदा-लसूण तर मुळीच नाही, त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. वाटाण्याएवढे तुकडे केले. बाईसाहेबांनी हुंगून तोंड फिरवलं. फेरेट लहानपणीच ठरवून टाकतात, कशाला अन्न म्हणायचं ते. मग तो रस रोजच्या दाण्यांना चोळत गेले, तेव्हा कुठे आठवड्याभरात तुकडा तोंडात गेला. उकडलेल्या अंड्याचा बलक मात्र लगेच पसंत पडला, आणि अंड्यापर्यंत सासूबाईंनीही तडजोड केली.

खाऊ लपवून ठेवायची फेरेटांची खोड मला ठाऊक होती, म्हणून सोफ्याखाली, गादीमागे रोज बघत असे. चिंगीनं कोठार केलं होतं ते देवघराच्या कपाटामागे. वासावरून सासूबाईंनाच सापडलं. त्यांनी सगळं धुऊन काढलं, गोमूत्र शिंपडलं. मला एक शब्द बोलल्या नाहीत. चिंगीला मात्र संध्याकाळपर्यंत बोलत होत्या.